डील ‘वन’ झालं, आता प्लँट कुठे नोंदवायचा?

छतावर सोलर बसवण्याच्या धंद्यात गिऱ्हाईक ‘हो’ म्हणालं की विक्री संपते आणि खरं काम सुरू होतं. गिऱ्हाइकांची नोंद ठेवायची सीआरएम सॉफ्टवेअरं मात्र विक्री संपली की मोकळी होतात. लीड आली, कॉन्टॅक्ट झाला, डील उघडलं, कोटेशन गेलं, ॲडव्हान्स जमा झाला, ‘क्लोज्ड वन’, म्हणजे डील जिंकलं. हिरवी पट्टी आली, सेल्सच्या पोरांनी पेढे मागितले, सॉफ्टवेअरच्या लेखी विषय मिटला. आमचं त्यानंतर पोर्टलवरचा अर्ज, स्ट्रक्चर, पॅनेल, अर्थिंग, मीटर टेस्टिंग, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं), तपासणी, सबसिडी असं सगळं शिल्लक असतं. घरावरच्या सोलरला केंद्राची सबसिडी देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेतलं काम असेल तर त्यापुढे पाच वर्षं देखभालही व्हेंडरच्याच गळ्यात असते.

मी सांगलीतल्या अशा एका फर्ममध्ये ऑफिस सांभाळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये योजना आली, तीन किलोवॅट आणि त्यावर ७८,००० रुपये सबसिडी हे सगळ्यांना कळलं आणि फोन वाढले. तोवर आमचा कारभार एक एक्सेल, दोन व्हॉट्सॲप ग्रुप आणि सर्व्हिस बघणाऱ्या मामांची डायरी यांच्यावर चालायचा. (मामा कुणाचेच मामा नाहीत. पण ऑफिसात मालकांसकट सगळे त्यांना मामाच म्हणतात.) झोहो सीआरएम आधीपासून होतं, पण ते सेल्सवाल्यांचं. सर्व्हिसचा फोन आला की त्यात काही सापडायचं नाही. “ताई, इन्व्हर्टरवर लाल दिवा लागलाय,” असं म्हणणाऱ्या माणसाचा नंबर सीआरएममध्ये असायचा, त्याच्या नावावर दोन डील असायची, आणि लाल दिवा नक्की कोणत्या छतावर लागलाय हे मामांची डायरी उघडेपर्यंत समजायचं नाही.

मालकांचं म्हणणं होतं की आधी ऑटोमेशन करा. सर्व्हिसच्या तारखेला आपोआप मेसेज जाऊ दे, अर्ज अडकला की आपोआप आठवण येऊ दे. माझं म्हणणं असं की आठवण यायची तर ती कशाची हे आधी ठरवलं पाहिजे. मेसेज नोंदीवरून सुटतो. नोंदच चुकीच्या गोष्टीची असेल तर चुकीचा मेसेज वेळेवर जाईल, एवढाच काय तो फरक.

मग मी आणि मामा एका दुपारी जुनी रजिस्टरं घेऊन बसलो. प्रश्न एकच होता, आपण नक्की कशाची नोंद ठेवतो?

माणसाची म्हणावं, तर एका डॉक्टरांची तीन मीटर आहेत. घराचं, दवाखान्याचं आणि गावाकडच्या वाड्याचं. तिन्हींवर आमचे प्लँट. डीलची म्हणावं, तर एका भावाने दोन्ही भावांच्या घरांचं मिळून एकच कोटेशन घेतलेलं. डील एक, छतं दोन, सबसिडीचे अर्जही दोन. पत्त्याची म्हणावं, तर आमच्याकडच्या पत्त्यांबद्दल बोलायलाच नको. ‘मारुती मंदिराच्या मागं’ एवढा पत्ता कित्येक गावांतल्या कित्येक घरांना लागू पडतो. नावावर जावं तर सीआरएममध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा, आणि ‘पाटील’ शोधलं की अर्धा जिल्हा समोर येतो. त्यात वीजबिलावरचं नाव वारलेल्या आजोबांचं, पैसे देणारा नातू पुण्यात, फोन उचलणारी सून. अर्ज बिलावरच्या नावाने होतो, म्हणजे आधी नाव बदलून घ्यायचं आणि मग पुढचं.

मामांनी डायरी माझ्याकडे फिरवली. प्रत्येक पानाच्या वर डाव्या कोपऱ्यात त्यांनी एक आकडा लिहिलेला होता. वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक.

“मी तर ह्यावरनंच शोधतो,” ते म्हणाले. “माणसं बदलत्यात. मीटर हाय तिथंच ऱ्हातंय.”

आमच्या सगळ्या मांडणीचा पाया इथे पडला. सीआरएममध्ये कॉन्टॅक्ट, कंपनी, डील ही तयार खाती असतात. त्यांच्याशेजारी आपल्या धंद्यापुरतं स्वतःचं खातं उघडता येतं. झोहो त्याला कस्टम मॉड्यूल म्हणतं, हबस्पॉट आणि सेल्सफोर्स कस्टम ऑब्जेक्ट म्हणतात. आम्ही ‘प्लँट’ नावाचं मॉड्यूल उघडलं. एका छतावरची, एका मीटरला जोडलेली यंत्रणा म्हणजे एक प्लँट. तो डीलला लुकअपने, म्हणजे दुसऱ्या खात्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याने, जोडला आणि कॉन्टॅक्टला दोनदा जोडला, कारण बिलावरचा माणूस आणि फोन उचलणारा माणूस वेगळे. दुसऱ्या लुकअपचं लेबल ‘बोलायचं कुणाशी’ असं ठेवलं. मालकांना ते लेबल फार घरगुती वाटलं. पण फिटर पोरांना तोच रकाना न विचारता भरता आला, म्हणून राहिलं.

लेबलं मराठीत ठेवली, पण आतलं तांत्रिक नाव, ज्याला एपीआय नेम म्हणतात, ते सुरुवातीलाच साध्या रोमन अक्षरांत ठरवून घेतलं. पुढे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर जोडायचं असेल किंवा एखादं छोटं फंक्शन लिहून घ्यायचं असेल तर त्याला हेच नाव लागतं. लेबल हवं तेव्हा बदलता येतं. आतलं नाव बदललं की त्यावर टेकलेलं सगळं शोधत बसावं लागतं.

ग्राहक क्रमांकाला ‘डुप्लिकेट चालणार नाही’ अशी अट घातली. मात्र नोंदीची मुख्य ओळख म्हणून तो घेतला नाही. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो, पण कनेक्शन कायमचं बंद करून नवीन घेतलं तर क्रमांकही नवीन येतो, आणि प्लँट तर तोच असतो. म्हणून ओळखीसाठी सॉफ्टवेअरचा आपोआप वाढणारा नंबर, आणि शोधण्यासाठी ग्राहक क्रमांक. बिलिंग युनिटचे चार आकडे वेगळ्या रकान्यात, कारण वीज कंपनीच्या कुठल्याही कामाला ते दोन्ही मिळून लागतात.

मोठा वाद झाला तो इन्व्हर्टरवरून. माझ्या मनात होतं की प्लँटच्या नोंदीतच ‘इन्व्हर्टर सिरियल नंबर’ असा एक रकाना पुरेल. मामा म्हणाले, वॉरंटीत इन्व्हर्टर बदलला की जुन्या नंबराचं काय? त्यावर खोडून नवा लिहायचा? मग तीन महिन्यांनी कंपनी विचारते की जुना कधी काढला, कुठल्या तक्रारीवर काढला, परत पाठवला का. तेव्हा काय सांगणार? त्यांचं बरोबर होतं. जी वस्तू बदलली जाते आणि बदलल्यावरही जिचा जाब द्यावा लागतो, तिला स्वतःची नोंद हवी. म्हणून ‘इन्व्हर्टर’ हे दुसरं मॉड्यूल. त्यात सिरियल नंबर, बसवल्याची तारीख, काढल्याची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख, आणि कोणत्या प्लँटवर आहे तो लुकअप. आता एखादा प्लँट उघडला की खाली त्यावर आजवर लागलेल्या इन्व्हर्टरांची यादी दिसते.

मग पॅनेलांचंही तसंच करायचं का? सेल्सच्या पोराचा आग्रह होता. मी नाही म्हटलं. तीन किलोवॅटच्या छतावरही पाच-सहा पॅनेलं असतात, प्रत्येकाचा लांबलचक नंबर. सबसिडीसाठी देशी सेलची, म्हणजे डीसीआर पॅनेलं लागतात आणि त्यांचे नंबर द्यावेच लागतात, हे खरं. पण पॅनेल सहसा बदललं जात नाही. त्यामुळे नंबर प्लँटच्या नोंदीतच एका छोट्या तक्त्यात, सबफॉर्ममध्ये ठेवले आणि स्टिकरांचा फोटो जोडला. वेगळ्या मॉड्यूलचा मोह आवरणं हे मॉड्यूल बनवण्याइतकंच कामाचं आहे. प्रत्येक नवीन खातं म्हणजे कुणीतरी रोज भरायचे आणखी रकाने. रोजच्या युनिटचे आकडेही याच कारणाने सीआरएममध्ये आणले नाहीत. ते इन्व्हर्टर कंपनीच्या ॲपमध्ये नीट दिसतात. एक किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट हा हिशेब मामांना तोंडपाठ आहे, कमी पडलं की त्यांच्या लक्षात येतं.

आता एक्सेलमधून माल आत आणायचा.

बारा अंकी आकडा एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला की तो त्याला संख्या समजतो आणि १.७ई+११ असल्या रूपात दाखवतो. ती फाइल तशीच सीएसव्ही (नुसता मजकूर ठेवणारी फाइल) म्हणून सेव्ह केली की आकड्याऐवजी ते रूपच सेव्ह होतं, म्हणजे शेवटचे अंक गेले ते गेलेच. आकडा शून्याने सुरू होत असेल तर पुढचं शून्य गळतं. पंधरापेक्षा जास्त अंकांचा सिरियल नंबर असेल तर एक्सेल सोळाव्या अंकापासून शून्यं भरतं, आणि ते दिसतंही इतकं व्यवस्थित की कुणाला शंका येत नाही. म्हणून सगळे क्रमांकाचे रकाने आधी टेक्स्ट केले आणि मगच आकडे मूळ बिलांवरून भरले. सीआरएममध्येही त्या रकान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवला नाही, ‘सिंगल लाइन’ ठेवला. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही तो आकडा नव्हेच, अक्षर समजायचं, असा आमच्याकडे आता नियम आहे.

तारखांचं दुखणं वेगळं. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे? ज्याने भरलं त्याला विचारायचं, आणि भरणारा नोकरी सोडून गेलेला. अशा नोंदी आम्ही फोटोंवरून जुळवल्या. फिटरच्या फोनमधल्या फोटोवर तारीख असते, तीच इन्स्टॉलेशनची.

आयात होईपर्यंत एकही ऑटोमेशन चालू केलं नव्हतं. हे मुद्दाम. शेकडो जुन्या नोंदी एका झटक्यात ‘नवीन’ म्हणून आत येतात. ‘नवीन प्लँट झाला की अभिनंदनाचा मेसेज’ असा नियम तेव्हा चालू असता तर जुन्या लोकांच्या फोनवर अभिनंदनं थडकली असती. उलट बाजूही आहे. तारखेवर चालणारा नियम ती तारीख उजाडली की चालतो, आधीच उलटून गेलेल्या तारखांची तो दखल घेत नाही. म्हणजे ज्यांची सर्व्हिस सर्वांत जास्त राहिलेली, त्यांच्याबद्दलच तो गप्प. त्यांची यादी वेगळी काढून मामांच्या हातात कागदावर दिली.

मग वर्कफ्लो, म्हणजे काम आपोआप पुढे सरकवणारे नियम. झोहोत याची दोन अवजारं आहेत. एक साधा नियम: अमुक झालं, तमुक अट जुळली, तर हे कर. दुसरं ब्लूप्रिंट, ज्यात काम कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर जाऊ शकतं हे आखून देता येतं आणि पायरी ओलांडताना काय भरलंच पाहिजे हे सांगता येतं. ब्लूप्रिंट लागू असलेल्या नोंदीचा स्टेटस कुणी मनाने बदलू शकत नाही, ठरलेल्या बटणानेच पुढे जातो. प्लँटसाठी आम्ही तेच घेतलं.

पायऱ्या लिहायला बसल्यावर एक गोष्ट दिसली, आणि या सगळ्या खटाटोपातला माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा भाग आहे. पायऱ्या दोन जातीच्या असतात. काही आपल्या हातातल्या: सर्व्हे, स्ट्रक्चर, पॅनेल चढवणं, वायरिंग, अर्थिंग. काही दुसऱ्याच्या हातातल्या: मीटर टेस्टिंग, नेट मीटर बसणं, तपासणी, सबसिडी खात्यात येणं. पहिल्या जातीत ‘झालं का?’ हा प्रश्न पुरतो. दुसऱ्या जातीत तो निरुपयोगी आहे, उत्तर बहुतेक दिवस ‘नाही’ असंच येणार. तिथे विचारायचं ते ‘कधीपासून?’ आणि ‘शेवटचं कुणाशी बोलणं झालं?’ म्हणून दुसऱ्या जातीच्या प्रत्येक पायरीत शिरताना सॉफ्टवेअर स्वतः तारीख टाकतं, आणि पाठपुरावा केला की फोन करणारा एक ओळ लिहितो. नुसतं ‘नेट मीटर पेंडिंग’ असं लिहिलेली नोंद वाचून कुणालाही काही करता येत नाही. तारीख आणि शेवटची ओळ वाचली की पुढचा फोन कुणाला लावायचा ते कळतं.

आठवणींच्या बाबतीत मी हट्टाने एक गोष्ट केली. प्रत्येक अडकलेल्या पायरीला वेगळी ईमेल जाऊ दिली नाही. दिवसाला वीस ईमेल आल्या की माणूस एकविसावी उघडत नाही. सकाळी एकच यादी जाते, पायरीनुसार लावलेली, सर्वांत जुनं वर. मामा ती छापून घेतात आणि पेनाने खुणा करतात. मालक म्हणाले, मग डिजिटल काय झालं? मी म्हटलं, यादी कुणाला लिहावी लागत नाही, एवढं पुरे.

सक्तीच्या रकान्यांबद्दल लोक फार उत्साही असतात. ब्लूप्रिंटमध्ये पायरी ओलांडताना हवं ते सक्तीचं करता येतं, म्हणून पहिल्या आराखड्यात ‘शेरा’ही सक्तीचा होता. छतावर, उन्हात, घामेजल्या हाताने फोन धरून फिटर शेरा काय लिहिणार? ‘ओके’. ‘ओके’. ‘अअअ’. शेरा काढला आणि त्या जागी तीन फोटो सक्तीचे केले: अर्थिंगचा खड्डा बुजवायच्या आधीचा, इन्व्हर्टरचा स्टिकर आणि पूर्ण छत. शेऱ्यात ‘अअअ’ चालतं, फोटोत चालत नाही. अर्थिंगच्या फोटोचं तर सोनं झालं, कारण खड्डा बुजल्यावर खाली काय घातलंय याचा दुसरा पुरावा उरतच नाही.

आधार कार्डाचे फोटो मात्र त्या मॉड्यूलमध्ये ठेवू दिले नाहीत. अर्जाला लागतं तेवढं लागतं, पण प्रत्येक फिटरच्या फोनवरून उघडणाऱ्या नोंदीत गिऱ्हाइकाचं ओळखपत्र कशाला? २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याचं नाव घेतल्यावर मालकांनीही मान डोलावली.

गिऱ्हाइकांना जाणारे मेसेज हा वेगळाच संसार आहे. धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदणी लागते, मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपवरही गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजला चोवीस तास उलटले की मंजूर साचाच पाठवता येतो. म्हणजे ‘आपोआप मेसेज’ यातला मजकूर आपण हवा तेव्हा बदलू शकत नाही, हे आधी लक्षात घ्यायचं. त्यात आम्हाला मराठीच हवी होती. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०. आणि त्या सत्तरांत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘स्वच्छता’ दिसायला तीन अक्षरांची, मोजणीत आठ. ‘आपल्या सौर प्रकल्पाच्या स्वच्छतेची नियोजित वेळ’ एवढ्यातच एसएमएसचा बहुतेक भाग संपतो, आणि ७० ओलांडले की एकाचे दोन एसएमएस म्हणून बिल. शेवटी मजकूर असा झाला: ‘सोलर धुवायला उद्या येतो. जमत नसेल तर फोन करा.’ खाली फर्मचं नाव. सगळं मिळून एका एसएमएसमध्ये बसतं, आणि आमच्या भागात कुणी प्रकल्पाची नियोजित स्वच्छता करत नाही, सोलर धुतात.

सबसिडीबद्दल मात्र एकही आपोआप मेसेज ठेवला नाही. ‘तुमची सबसिडी लवकरच जमा होईल’ हा मेसेज लिहायला सोपा आहे. पण ती जमा करणारे आम्ही नव्हे. एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० हे आकडे गिऱ्हाइकाला पाठ असतात, तारीख मात्र तो आम्हाला विचारतो. अशा वेळी माणसाने फोन करावा. वर्कफ्लो फक्त माझ्यासाठी एक काम उघडतो: ‘अमक्यांना फोन, तपासणी होऊन इतके दिवस.’

सर्व्हिसच्या तारखेचा नियम आम्हाला दोनदा बदलावा लागला. सर्व्हिस झाली की पुढची तारीख सहा महिन्यांनी, एवढं सरळ होतं. पण पावसाळ्यात पॅनेल धुवायला माणूस पाठवण्यात अर्थ नसतो, ते काम ढग फुकट करतात. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये पडणारी तारीख पुढे ऑक्टोबरात सरकवायची, असं एक छोटं फंक्शन लावलं. मग मामांनी आठवण केली की साखर कारखान्याच्या आसपासच्या छतांचं काय? गाळप सुरू झालं की चिमणीची काजळी पॅनेलांवर बसते आणि पाणी मारून जात नाही, पुसावी लागते. प्लँटच्या नोंदीत ‘परिसर’ असा एक रकाना वाढवला: साधा, कारखान्याजवळ, वीटभट्टीजवळ, रस्त्याला लागून. कारखान्याजवळच्या छतांना गाळपाच्या काळात मधली एक खेप जास्त. हा रकाना कुठल्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये मिळाला नसता, आणि ज्याने कधी काळवंडलेलं पॅनेल पुसलेलं नाही त्याला सुचलाही नसता.

तक्रारींचंही थोडंसं तसंच. दुपारी लाइनचा व्होल्टेज चढला की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो आणि थोड्या वेळाने सुरू होतो. गिऱ्हाइकाला तो बिघाड वाटतो. आधी अशा प्रत्येक फोनला फिटर धावायचा आणि तो पोहोचेपर्यंत सगळं सुरळीत. आता तक्रारीचा प्रकार ‘मध्येच बंद पडतो’ असा निवडला की काम फिटरकडे न जाता माझ्याकडे येतं. मी ॲपमधला एररचा स्क्रीनशॉट मागवते. कोड व्होल्टेजचा असेल तर रस्ता वेगळा, अर्थ फॉल्टचा असेल तर फिटर लगेच.

या मांडणीची खरी परीक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ चा ५ टक्के झाला. आमच्या कामात ७० टक्के साहित्य आणि ३० टक्के काम अशी विभागणी धरतात, कामावरचा १८ टक्के तसाच राहिला, म्हणजे एकूण भार १३.८ चा ८.९ टक्क्यांवर आला. बातमी आल्याबरोबर ज्यांची कोटेशनं उघडी होती त्या सगळ्यांचे फोन सुरू. कराचा दर आमच्या साच्यात मजकूर म्हणून लिहिलेला नव्हता, डीलवरचा रकाना होता. उघडी डील गाळून घेतली, दर बदलला, नवी कोटेशनं काढली आणि प्रत्येकाच्या सेल्समनकडे ‘फोन करून सांग’ असं काम गेलं. ओळखीच्या एका व्हेंडरकडे दर वर्डच्या फाइलीत होता. त्यांची दिवाळी त्याच कामात गेली.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं मला बरेच जण विचारतात. आमच्याकडे झोहो आधीपासून होतं म्हणून तेच वाढवलं, याहून खोल कारण नाही. एवढं मात्र घेण्याआधी बघावं की कस्टम मॉड्यूल तुमच्या प्लॅनमध्ये मिळतं का. हबस्पॉटमध्ये कस्टम ऑब्जेक्ट वरच्या एंटरप्राइज प्लॅनमध्येच मिळतात, लहान फर्मला ते परवडेलच असं नाही. आणि नियम सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याआधी साध्या मराठीत कागदावर लिहून ठेवावेत. सेल्सफोर्सने आपल्या जुन्या वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डरचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपवला आणि सगळ्यांना ‘फ्लो’ या आपल्या नव्या अवजारावर यायला सांगितलं. अवजारं अशी बदलत राहतात. ‘गाळप चालू असताना कारखान्याजवळच्या छतांना एक खेप जास्त’ हे वाक्य कुठल्याही अवजारात परत बसवता येतं. आमची ती वही टेबलावरच असते. त्यात नियम कुणाच्या सांगण्यावरून झाला तेही लिहिलेलं असतं, म्हणजे बंद करताना कुणाला विचारायचं ते कळतं.

मालकांना वाढदिवसाच्या शुभेच्छांचा नियम हवा होता. तो वहीतही नाही आणि सॉफ्टवेअरमध्येही नाही. ‘बोलायचं कुणाशी’च्या रकान्यात सून असते, वाढदिवसाची तारीख बिलावरच्या आजोबांची असते, आणि आजोबांना जाऊन काही वर्षं झालेली असतात. हे उदाहरण दिल्यावर विषय थांबला.

सध्या नवीन पेच सौर कृषिपंपांचा आहे. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, आणि जमिनीप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. एका मोठ्या पुरवठादारासाठी त्यातलं बसवण्याचं काम आमच्याकडे येतं. सेल्सवाले म्हणतात, प्लँटच्याच मॉड्यूलमध्ये ‘प्रकार: पंप’ असा पर्याय वाढवा. पण शेतात मीटर नाही, म्हणजे ग्राहक क्रमांक नाही. नेट मीटर नाही, म्हणजे आमच्या ब्लूप्रिंटच्या अर्ध्या पायऱ्या नाहीत. शोधायचं ते गट नंबर आणि गावावरून, आणि एका गटात भावाभावांचे वेगवेगळे पंप असू शकतात. विहीर की बोअर, पाणी किती खोल, पॅनेलांची दिशा कुणी फिरवली का, हे प्रश्न छतावर कधी येतच नाहीत. मी वेगळं मॉड्यूल करायचं ठरवलंय. मामा त्यांची पंपांची डायरी घेऊन सोमवारी बसणार आहेत. बघू, ते पानाच्या वरच्या कोपऱ्यात काय लिहितात ते.